‘कळ’चा रिकामा खण

१

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक लांबलचक खोली मनात आणा. खिडक्या उंचावर, मधोमध एक मोठं टेबल, आणि एका बाजूची सगळी भिंत व्यापून लाकडी कपाट. त्या कपाटाला दारं नाहीत. आहेत ते नुसते खण. अरुंद, खोल, एकाला एक लागून, जमिनीपासून पार छतापर्यंत. प्रत्येक खणाच्या तोंडाशी पितळेची छोटी चौकट आणि चौकटीत एक शब्द. आत जाड कागदाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. तो शब्द कुणी कधी कसा वापरला, त्याचं एकेक वाक्य एकेका चिठ्ठीवर. गठ्ठा विस्कटू नये म्हणून सुताच्या नाडीने बांधलेला. शब्दकोश रचणाऱ्यांची ही खोली.

आता मनातल्या मनातच एक खण ओढा. उजवीकडचा, ‘कळ’ लिहिलेला. ओढलात? काय दिसतंय?

काही नाही. चिठ्ठ्यांचा गठ्ठा गायब. तळाशी फक्त सुताची नाडी पडली आहे, नीट गुंडाळी करून ठेवलेली.

त्या दिवशी सकाळी भिंगबाईंना नेमकं हेच दिसलं.

भिंगबाई म्हणजे त्या कार्यालयातल्या मुद्रितशोधक. छापायला जाण्याआधी पानांतल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असायचं, म्हणून हे नाव पडलं आणि इतकं चिकटलं, की पगाराच्या पाकिटावरही कुणीतरी तेच लिहायचं. चुका शोधून शोधून त्यांचे डोळे थकले होते, पाय सुजत होते, आणि अलीकडे घरी गेल्यावर बातम्या वाचतानाही त्या नकळत पेन्सिल हातात घ्यायच्या. आज कुणी त्यांना “बाई, सुट्टी घ्या” म्हटलं असतं, तर त्यांनी आभारसुद्धा न मानता पिशवी उचलली असती.

पण कार्यालयाचे साहेब आले ते कपाळावर आठ्या घेऊनच.

“शेजारचे खण पाहिलेत?”

“दोन्ही बाजूंचे पाहिले. नाही गठ्ठा.”

“संध्याकाळी छापखान्याची गाडी येणार. ‘क’चा अख्खा खंड तयार आहे, तेवढा एक शब्द सोडून. आणि नेमका तोच नाहीसा होतो?” साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं. तेही थकलेलेच होते. या खंडासाठी वरच्या लोकांची बोलणी खाऊन खाऊन त्यांचा आवाज बसला होता. “काल शेवटी कोण बाहेर पडलं? धाकट्या बाई. याच शब्दावरून परवा आपल्या म्हाताऱ्या मूळपुरुषांशी कडाकडा कोण भांडलं? धाकट्या बाई. मला आणखी काही विचारायची गरज वाटत नाही.”

“भांडलं म्हणून कुणी गठ्ठा पळवतं का?”

“मग तुम्ही सांगा कोणी पळवला. चुका शोधता ना, ही पण शोधा.” साहेब उठले. “खोलीला मी कुलूप लावतोय. आत कुणी पाऊल टाकायचं नाही, कुठल्या खणाला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत गठ्ठा मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर धाकट्या बाईंनी उद्यापासून येऊ नये.”

कुलूप खटकन लागलं. त्याच वेळी जिन्यावरून एक बारीक आवाज आला.

“साहेब, मला आत जायचंय. अगदी थोडाच वेळ.”

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक मुलगी उभी होती. काडीसारखी बारीक, हातात लाकडी स्टूल.

२

कोशातल्या नोंदी लिहिणाऱ्या धाकट्या बाईंची ती मुलगी. अंगकाठीने बारीक आणि प्रश्न विचारून सगळ्यांना टोचणारी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. शाळा सुटली की ती इथेच यायची आणि आईचं काम संपेपर्यंत कपाटापाशी स्टुलावर बसून राहायची. काल मात्र तिला ताप होता, म्हणून आईने तिला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. आज ताप उतरला होता, पण चेहरा अजून पांढराफटक होता, म्हणून शाळेला न जाता ती आईबरोबर इथेच आली होती.

“आत काय आहे तुझं?” साहेब म्हणाले. “रोज त्या खणांशी खेळत असतेस. ते खेळणं नाही. जा, आईपाशी बस.”

टाचणी स्टूल तिथेच पायरीवर ठेवून त्यावर बसली आणि कुलपाकडे बघत राहिली.

भिंगबाई पाय ओढत शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे जुळारी बसायचा. संगणकावर पानं जुळवणं हे त्याचं काम, आणि याचं त्याला सांगून दोघांची जुंपून देणं हा छंद. त्यामुळे त्याला नाव पडलं होतं कळलाव्या, आणि त्याला त्याचा भारी अभिमान होता.

“या या, भिंगबाई! मला पकडायला आलात ना? हातकडी आणलीत का?”

“पाय दुखताहेत माझे. सरळ सांग. खंड लांबला तर तुझा फायदा आहे की नाही?”

“आहे की! हे बघा.” त्याने कळफलक पुढे सरकवला. “‘क’ची कळ अडकते. बोटाने दाबली की वर येत नाही, नखाने उचकटावी लागते. आणि खंड कुठला? ‘क’चा! गाडी आठवडाभर लांबली तर मी गावभर साखर वाटीन. पण बाई, पानं लांबवायला गठ्ठा कशाला चोरू? ही कळ बिघडली एवढंच ओरडलो असतो तरी पुरे झालं असतं.”

ते खरंच होतं. भिंगबाई स्टुलासारख्या एका मोडक्या खुर्चीवर टेकल्या.

“काल दुपारी गठ्ठा मोठ्या टेबलावर होता. मी स्वतः पाहिला. नंतर कुणी उचलला?”

“मला काय माहीत? आपला नियम ठाऊक आहे ना तुम्हाला. संध्याकाळी टेबलावर जे दिसेल, ते जाता जाता कुणीही उचलायचं आणि खणात ठेवायचं. मी कधीच ठेवत नाही. दुसरं कुणीतरी ठेवतंच.” तो हसला. “आणि काल मला दिसणार तरी काय? दुपारनंतर मस्त डुलकी लागली. एरवी त्या टाचणीच्या स्टुलाचा आवाज चालू असतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे, कर्र कर्र. काल कसं शांत शांत होतं.”

“बाकी कुणावर संशय?”

कळलाव्याने आवाज खाली आणला. “माझ्याकडून ऐकलं म्हणू नका. पण साहेबांना हे सगळं बंद करून टाकायचंय म्हणतात. शिवाय धाकट्या बाईंचा आणि मूळपुरुषांचा परवाचा वाद नुसता वाद नव्हता. बाई शेवटी काय म्हणाल्या, माहितेय?”

“काय?”

“म्हणाल्या, ‘हा गठ्ठा मी उद्या सोडवते की नाही बघा!’”

३

धाकट्या बाई बाहेरच्या बाकावर बसून आपल्या वस्तू पिशवीत भरत होत्या. पाण्याची बाटली, टाचणीची रंगपेटी, एक फुटपट्टी. संध्याकाळ व्हायला पुष्कळ अवकाश होता, पण त्यांनी जणू निकाल ऐकून घेतला होता.

“असं म्हणाला होतात तुम्ही?” भिंगबाईंनी विचारलं.

“म्हणाले होते. गठ्ठा सोडवते म्हणजे कोडं सोडवते. त्या कळलाव्याने तेवढंच उचललं असेल.” त्यांनी फुटपट्टी परत बाहेर काढली, परत आत घातली. “ताई, तुम्हाला वाद तरी कळला का कशावरून होता?”

“सांगा.”

“दिव्याची कळ आपण दाबतो. पोटात कळ येते. आणि तो आत बसलाय तो दोघांमध्ये कळ लावतो. मूळपुरुषांचं म्हणणं, हे तीन वेगळे शब्द, तीन वेगळ्या घरांतून आलेले, योगायोगाने एकसारखे दिसणारे. मी म्हटलं, एकच शब्द. कुठेतरी एवढंसं दाबायचं आणि लांब काहीतरी मोठं घडायचं, म्हणजे कळ. यंत्रात तसं, भांडणात तसं, दुखण्यातही तसंच. दाढेत इवलंसं काही होतं आणि डोकं फुटायची वेळ येते.”

“आणि त्याने फरक काय पडतो?”

“कोशात फरक पडतो. मूळ एक असलं, तर एक नोंद, तिच्याखाली तीन अर्थ. मुळं तीन असली, तर तीन नोंदी. शब्दाचं मूळ ठरल्याशिवाय नोंद लिहिताच येत नाही. म्हणून तर काल मी तो गठ्ठा टेबलावर काढला होता.” त्या थांबल्या. “लेकीला ताप होता. एक डोळा घड्याळावर आणि एक चिठ्ठ्यांवर. साहेबांनी वरून आणखी पानं दिली. ती इथे बाकावर बसून संपवली आणि आत गेले, तेव्हा टेबल रिकामं होतं. मला वाटलं, कुणीतरी ठेवला असेल जागेवर.”

“जाऊन पाहिलं नाहीत?”

“नाही पाहिलं. चुकलंच.” त्यांनी पिशवीचा बंद ओढला. “इथे लेकीला सोबत आणू देतात, ताई. मला दुसरीकडे कोण आणू देणार? इथून गेले तर तिला कुठे ठेवू?”

जिन्यावरची टाचणी हे ऐकत होती. तिने दोन्ही हात गुडघ्यांभोवती घट्ट आवळले होते. भिंगबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तर तिने मान फिरवली.

चुकीच्या अक्षरावर नजर गेली की भिंगबाईंच्या मानेपाशी काहीतरी खुपायचं. आत्ता तसंच खुपलं. मुलगी आईकडे बघत नव्हती, साहेबांच्या खोलीकडेही नाही. ती बघत होती गॅलरीच्या टोकाला, जिथे एक म्हातारे गृहस्थ उन्हात खुर्ची टाकून बसले होते.

४

त्यांचं काम शब्दांची मुळं शोधायचं, म्हणून त्यांना सगळे मूळपुरुष म्हणत. या कार्यालयात त्यांच्यापेक्षा जुनं काय असेल तर फक्त ते कपाट. भिंगबाई नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांना खण कसा ओढायचा हेसुद्धा यांनीच शिकवलं होतं.

“बस गं. दमलेली दिसतेस.”

“तुम्ही पण.”

“मी दमलेला नाही, जुना झालोय. दोन्ही शब्द वेगळे आहेत.” ते हसले. बाजूच्या कठड्यावर त्यांचा चहाचा कप रिकामा पडला होता.

“‘कळ’चा गठ्ठा मिळत नाही म्हणतात,” भिंगबाई म्हणाल्या.

“ऐकलं. मिळेल. शब्द कुठे जातात? घरीच जातात.” त्यांनी डोळे मिटून घेतले. “त्या पोरीचं म्हणणं वाईट नाही हां. दाबायचं इथे, घडायचं तिथे. मला आवडलं. पण माझं मन घेत नाही. भांडणाची कळ मला कलहाच्या घरची वाटते. यंत्राची कळ कलेच्या घरची. कला म्हणजे कसब, करामत, त्यातून युक्ती, युक्तीतून यंत्राचा तो भाग. वाटतं, हां. छातीठोक सांगत नाही.”

“आणि दुखण्याची?”

“ती?” त्यांनी मान हलवली. “तिचं घर मला सापडलं नाही. पुष्कळ हिंडलो तिच्यासाठी.”

भिंगबाईंना त्यांच्याशी भांडायचं नव्हतं, त्यांना काही विचारायचंही नव्हतं. त्यांना तिथेच उन्हात बसून राहायचं होतं. पण त्या उठल्या आणि कप उचलला.

“धुऊन ठेवते. खोली बंद आहे, नाहीतर खालच्या खणात ठेवला असता.”

“खालच्या खणात नको गं,” मूळपुरुष डोळे न उघडता म्हणाले. “तिथे पोरकी आहेत.”

भिंगबाई हसल्या. कपाटाच्या अगदी खालच्या, कोपऱ्यातल्या खणात कार्यालयाचे कप असायचे. कपांना पोरकी म्हणायचं म्हणजे म्हाताऱ्याची जुनी खोड. पण नळाखाली कप धरताना त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. पाणी वाहत राहिलं.

पोरकी. हा शब्द त्यांनी या कार्यालयात पूर्वी ऐकला होता. फार पूर्वी, नोकरीच्या अगदी पहिल्या दिवसांत. आणि तेव्हा तो विनोद नव्हता.

५

त्या जिन्यापाशी आल्या आणि टाचणीच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

“तुझ्या स्टुलासारखेच वाजतात माझे गुडघे,” त्या म्हणाल्या.

टाचणी हसली नाही.

“टाचणे, तुला एक गंमत सांगू? पानात चुका दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे नको ते आलेलं असतं. ती लगेच दिसते. दुसरी म्हणजे हवं ते राहून गेलेलं असतं. ती भल्याभल्यांना दिसत नाही, कारण दिसायला तिथे काही नसतंच. सकाळपासून मी सगळ्यांना विचारतेय, काल काय घडलं. चुकलंच माझं. काल काय घडलं नाही, हे विचारायला हवं होतं.”

“काय घडलं नाही?”

“तुझं स्टूल वाजलं नाही.”

मुलीचा चेहरा आणखी पांढरा झाला.

“तू खणांशी खेळत नाहीस,” भिंगबाई हळू आवाजात म्हणाल्या. “खेळणारी मुलगी एकाच खणात रमते. तुझं स्टूल इकडून तिकडे जातं, तिकडून इकडे येतं. कुठून तरी काढायचं आणि कुठे तरी ठेवायचं, असं. हो ना? आणि ती नाडी. चोराला गठ्ठा न्यायचा असेल तर तो बांधलेलाच नेईल, सोपं पडतं. नाडी सोडून, गुंडाळी करून, परत त्याच खणात कोण ठेवेल? ज्याला त्या चिठ्ठ्या कुठे न्यायच्याच नाहीत, तो. ज्याला त्या वाटून टाकायच्या आहेत.”

“मला नाही माहीत.”

“कधीपासून करतेयस हे?”

“मला नाही माहीत म्हटलं ना!” टाचणीचे डोळे भरून आले. “आणि मी सांगणार नाही असं ठरलंय.”

“कुणाशी ठरलंय?”

“माझं माझ्याशीच.”

भिंगबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ अजून जराशी गरम होती.

“त्यांना माहीत आहे का?”

टाचणीने नकारार्थी मान हलवली. मग सगळं एकदम बाहेर आलं. “ते चुकून करतात. मुद्दाम नाही. त्यांना वाटतं बरोबर ठेवलं. मग ते चहाला गेले की मी काढून ठेवते. कुणाला कळतच नाही. काल मला ताप आला. आईला म्हटलं मला ने, तर नेलंच नाही. आणि आज साहेबांनी कुलूप लावलं. भिंगमावशी, मला आत सोडा. मी सगळं जागेवर ठेवते. मग आईलाही कुणी बोलणार नाही आणि त्यांनाही नाही.”

तिचं म्हणणं खरं होतं. किल्ली मागून आणायची, मुलीला आत सोडायचं, आणि गठ्ठा सापडला म्हणून सांगायचं. भिंगबाईंना क्षणभर फार मोह झाला. पण मग उद्या? मुलीला पुन्हा ताप येईल, शाळेची सहल असेल, ती मोठी होईल. एवढ्याशा खांद्यांवर एवढं मोठं कपाट कुठवर पेलणार?

खाली रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आवाज आला. छापखान्याची गाडी वेळेआधीच आली होती.

६

साहेबांनी कुलूप काढलं. सगळे आत आले. कळलाव्याही आला. मूळपुरुष नेहमीच्या खुर्चीत बसले. धाकट्या बाई दारातच, पिशवी खांद्याला.

“सांगा, भिंगबाई. कुणी नेला?”

“कुणी नेलाच नाही. या खोलीतून एकही चिठ्ठी बाहेर गेलेली नाही.” भिंगबाई कपाटाकडे वळल्या. “मी इथे लागले, तेव्हा हे खण आजच्यासारखे अक्षरांच्या क्रमाने लावलेले नव्हते. मुळांप्रमाणे लावलेले होते. शब्द कुठल्याही रूपात सापडला, तरी त्याची चिठ्ठी त्याच्या मूळ शब्दाच्या खणात जायची. ‘शब्दाला घरी पोचवणं’ म्हणायचे त्याला. आणि ज्याचं मूळ सापडायचं नाही, त्याच्यासाठी एक वेगळा खण होता. कोपऱ्यातला, सगळ्यांत खालचा. त्याला म्हणायचे पोरक्यांचा खण.”

साहेब म्हणाले, “ती पद्धत बदलून जमाना झाला.”

“पद्धत बदलली. पण हात?”

त्या डावीकडे सरकल्या. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ पार शेवटी येतो, म्हणून ‘कळ’चा खण उजवीकडे होता. ‘ल’चे शब्द बरेच अलीकडे. त्यांनी ‘कलह’चा खण ओढला. बांधलेल्या गठ्ठ्याच्या मागे सुट्या चिठ्ठ्या उभ्या होत्या. त्यांनी वरची वाचली. “दोघी जावांमध्ये कळ लावून आत्याबाई निघून गेल्या.” मग ‘कला’चा खण. तिथेही मागे सुट्या चिठ्ठ्या. “कळ फिरवताच दार आपोआप उघडले.”

भिंगबाई वाकल्या, कमरेला हात लावून आणखी वाकल्या, आणि कोपऱ्यातला खालचा खण ओढला. कपांच्या मध्ये, ओल लागणार नाही अशा बेताने, उरलेल्या चिठ्ठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. “रात्रभर दाढेत कळा येत होत्या.” “थोडी कळ सोस, पोहोचलोच आपण.”

“पण असं कुणी...” साहेबांचं वाक्य अर्धंच राहिलं. या खोलीत त्या जुन्या पद्धतीने काम केलेली माणसं दोनच होती, आणि त्यातली एक आत्ता जमिनीवर वाकलेली होती.

मूळपुरुष खुर्चीतून उठले. खालच्या खणापाशी आले. एक चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

“हा माझाच हात आहे,” ते म्हणाले. “मी ठेवलं हे. कधी?”

“काल,” भिंगबाई म्हणाल्या. “आणि त्याआधीही.”

“त्याआधीही?” त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. “मग कधी बोभाटा झाला नाही तो?”

भिंगबाईंची नजर नकळत जिथे गेली, तिथे म्हाताऱ्याचीही गेली. दारात, आईच्या पिशवीमागे, टाचणी उभी होती. स्टूल पोटाशी धरून.

धाकट्या बाईंनी मुलीकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली आली. “म्हणून काल तू ‘मला ने, मला ने’ करत होतीस?” त्या म्हणाल्या. “आणि मी म्हटलं, हट्ट करू नकोस.”

साहेबांनी घसा साफ केला. “धाकट्या बाई, मी... माफ करा. तुम्ही कुठे जायचं नाही. पिशवी ठेवा.” मग ते मूळपुरुषांकडे वळले, आणि त्यांना शब्द जुळवावे लागले. “आणि तुम्ही... तुमच्याबद्दल आम्हाला सगळ्यांनाच... पण खणांना तुम्ही हात लावणं यापुढे...”

“बरोबर आहे,” मूळपुरुष म्हणाले. त्यांनी खिशातून या खोलीची जुनी पितळी किल्ली काढली. ती आता कुठल्याच कुलपाला लागत नव्हती, तरी ते ती रोज बाळगायचे. त्यांनी ती टेबलावर ठेवली. “छापखान्याची गाडी थांबलीय. धाकट्या बाईंचंच म्हणणं छापा हवं तर. एक शब्द, तीन अर्थ.”

“नाही,” धाकट्या बाई म्हणाल्या. डोळे पुसत होत्या, पण आवाज परवाच्याच भांडणातला होता. “तुम्ही असे हरलेले मला चालणार नाहीत. मी दोन्ही मतं लिहिते. कुणाला पटेल ते पटेल. आणि दुखण्याच्या कळेपुढे लिहिते, मूळ अज्ञात.”

“तसं लिही,” म्हातारे पुटपुटले, आणि दाराकडे निघाले. चालताना त्यांनी सवयीने कपाटाकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला.

कळलाव्या वर खिडकीकडे बघू लागला. साहेबांनी खाली मान घातली. भिंगबाईंच्या मानेपाशी परत तेच खुपू लागलं. पान निर्दोष झालं होतं, आणि तरीही काहीतरी राहून गेलं होतं.

तेवढ्यात स्टूल वाजलं. कर्र.

टाचणीने ते मूळपुरुषांच्या खुर्चीला लावून ठेवलं होतं. मग तिने तिन्ही खणांतल्या चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर आणल्या, धावत जाऊन म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्यांना ओढत खुर्चीत आणून बसवलं.

“आजोबा, हे कुणाच्या घरचं?” तिने पहिली चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

म्हाताऱ्यांनी वाचलं. “कलहाच्या. पण मी आता सांगून काय उपयोग, बाळा? मी चुकीच्या खणात ठेवतो.”

“तुम्ही ठेवायचंच नाही. आला कुठून ते तुम्ही सांगा. राहतो कुठे ते मी बघते.”

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली आणि छापखान्याच्या माणसाला थांबवायला स्वतः जिना उतरले. मग एकेक चिठ्ठी पुढे येऊ लागली. म्हातारे घर सांगत, धाकट्या बाई लिहून घेत, टाचणी ऐकून घेई आणि चिठ्ठी गठ्ठ्यात लावी. शेवटी दुखण्याच्या चिठ्ठ्या उरल्या.

“या?” टाचणीने विचारलं.

“यांचं मला नाही सापडलं.”

“मग मी शोधीन,” टाचणी म्हणाली. त्या चिठ्ठ्या तिने गठ्ठ्याच्या सगळ्यांत वर ठेवल्या, नाडी बांधली, आणि स्टूल ओढत ‘कळ’च्या खणाकडे निघाली.